झाडाखालचा केर

आमच्या डोंगरातल्या बेहड्याचा परदेशात चहा करून पितात, हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, तिकडं लोकांना दुसरं काही प्यायला मिळत नाही की काय! बेहडा म्हणजे नुसता तुरट. लहानपणी खोकला झाला की आई त्याच्या सालीचा तुकडा दाढेखाली धरायला लावायची आणि तिची पाठ वळली की आम्ही तो थुंकून टाकायचो. आता तीच साल रंगीत खोक्यात घालून, वर झाडाचं चित्र छापून समुद्रापलीकडं विकतात. कशाला कधी भाव येईल, काही सांगता येत नाही बाई.

माझं माहेर वेल्ह्याकडं, विंझरच्या वर डोंगराच्या अंगाला चिकटलेली एक लहानशी वाडी. सासर भोर तालुक्यात, भोंगवलीला. माहेरी झाडं आहेत आणि सासरी हमरस्ता जवळ आहे, म्हणून माझ्या डोक्यात हा उद्योग आला. वाडीतल्या बायका फळं वेचतात, टेम्पो ती भोंगवलीला आणतो. माझ्या पत्र्याच्या शेडमध्ये ती फोडून साल वाळवायची आणि पुण्याच्या व्यापाऱ्याकडं पाठवायची. त्याच्याकडून ती परदेशातल्या चहाच्या कंपनीला जाते. गटाची अध्यक्ष माझी भावजय, कारण वाडीवर तिचा शब्द चालतो. बाकीची धावपळ माझी, कारण मला घरात बसवत नाही.

त्या कंपनीला नुसता माल चालत नव्हता. रानातून माल काढताना रानाचं वाटोळं केलं नाही, असं प्रमाणपत्र हवं होतं. झाड झोडपायचं नाही, पडेल तेच वेचायचं, त्यातलंही थोडं पाखरांना आणि जनावरांना सोडायचं. पेरणीआधी भाताचा राब भाजायला त्याच्या फांद्या तोडायच्या नाहीत, खालची रोपं उपटायची नाहीत. वेचणाऱ्या सगळ्यांना एकच दर. मी व्यापाऱ्याला विचारलं, "हा सरकारी कायदा आहे का?" तो म्हणाला, "नाही हो ताई, ऐच्छिक आहे. घ्यायचं तर घ्या, नाहीतर नका घेऊ." म्हणजे एकादशीसारखं. धरा म्हणून कुणी मागं लागत नाही, पण एकदा धरली की दुपारी चुलीआड बसून भाकरी खाता येत नाही. आम्ही धरली.

पहिल्या तपासणीला एक साहेब आले. ते शेडमध्येच बसले, वजनकाटा बघितला, हातमोजे बघितले. तक्रारपेटी कुठं आहे म्हणाले. ती मी भिंतीला लावलीच होती. उघडली तर आत एका लग्नाची पत्रिका आणि शेंगदाण्याची टरफलं. साहेब हसले, मीही हसले, आणि प्रमाणपत्र मिळालं.

आता त्या बेहड्याचं सांगते, ज्याच्यासाठी माझा जीव एवढा खालीवर होत होता.

माझ्या भावाच्या खाचराच्या बांधावर एक थोराड बेहडा होता. आमच्या वाडीतलं सगळ्यात मोठं झाड तेच. दोघांनी हात पसरले तरी कवेत यायचा नाही. त्याच्याखाली मी लहानपणी शेरडं राखली, भातुकली खेळले, सासरी जाताना मागं वळून बघितलं तर शेवटी दिसलं तेही तेच. पण भावाच्या लेखी तो बेहडा म्हणजे निव्वळ सावली. अर्ध्या खाचरावर ऊन पडायचं नाही. तिथलं भात उंच वाढायचं, लोंबी यायची आणि दाणा भरायचाच नाही, नुसता पळींज. दरवर्षी कापणीला तो त्या झाडाला शिव्या घालायचा. लाकडाचा ठेकेदार येऊन झाड बघून गेला होता. भावानं तोडायची परवानगीही रीतसर काढून ठेवली होती.

त्या वर्षी भाऊबीजेला मी ओवाळलं. तो माझ्यापेक्षा लहान, मला आक्का म्हणतो. ताटात काय घालू म्हणाला. मी म्हटलं, "साडी नको. बांधावरचा बेहडा तोडू नकोस, हीच ओवाळणी घाल."

तो कपाळाला हात लावून म्हणाला, "आक्के, त्यापरीस साडी सस्ती पडली असती की गं!" तो शब्दाचा पक्का आहे, म्हणूनच शब्द देताना दहादा विचार करतो. "बरं. तुजा त्यो परदेसी कागुद हाय तवर म्या झाडाला हात लावनार न्हाई. फळाचं चार पैसं येत्यात तवर सावली सोसंन. कागुद गेला की माजा शबूद बी सुटला. हाय कबूल?"

"कबूल," मी म्हटलं. कागद कुठं जातोय, अशा तोऱ्यातच म्हटलं. ताम्हणातली सुपारी उचलून त्याच्या हातात ठेवली आणि पोटभर जेवले.

पुढच्या तपासणीला एक मॅडम येणार होत्या, आणि त्यांना शेड नाही, झाडं बघायची होती. मी भावजयीला मोबाईलवर कळवलं की मॅडम वाडीवर येतील, बेहडे बघतील आणि जेवायला तुझ्याकडंच असतील. ती म्हणाली, "येऊ द्या की वन्सं. तुमी काय बी काळजी करू नका." एवढं बोलून मी निर्धास्त झाले. निर्धास्त! आता आठवलं की माझंच मला हसू येतं.

मॅडमना घ्यायला मी कापूरहोळच्या फाट्यावर गेले. एसटीतून उतरल्या त्या पाठीला पिशवी, पायात बूट, आणि वय माझ्या लेकीएवढं. पुण्याच्याच होत्या, बोलायला साध्या. धाब्यावर चहा घेतला आणि आम्ही टेम्पोतून विंझरच्या वाटेला लागलो. बाहेर कापलेली खाचरं, गवताच्या गंजी, आणि थंडी अशी की खिडकीची काच वर केली तरी कान गार. वाटेत मी विचारलं, "मॅडम, नक्की काय बघणार?"

"मी झाडाखाली बघणार," त्या म्हणाल्या. "वर फळं किती, हे मला लांबूनही कळतं. खाली नवी रोपं किती, ते महत्त्वाचं. मोठं झाड आज ना उद्या जाणारच. खाली त्याची पिल्लं नसतील, तर तुम्ही जंगल नुसतं ओरबाडताय असं आम्ही धरतो."

मी म्हटलं, "मग तर काळजीच नको. आमच्याकडं पाऊल टाकाल तिथं रोप आहे." आणि खोटं नव्हतं ते. पावसाळ्यानंतर भावाच्या बेहड्याखाली वीतभर, हातभर उंचीची रोपं मी माझ्या डोळ्यांनी बघितली होती. पालापाचोळ्यातून मेथीसारखी वर आली होती.

वाडीत टेम्पो थांबला आणि मला आधी रांगोळी दिसली. रस्त्यापासून बांधापर्यंत. मग बेहडा दिसला. बुंध्याला खालून गेरूचा पट्टा, वर चुन्याचा पट्टा, जसे सरकारी रस्त्याच्या कडेच्या झाडांना असतात तसे. झाडाखाली एक पान नाही, काडी नाही. शेणानं सारवलेलं, खळ्यासारखं लखलखीत अंगण. त्यावर चारी कोपऱ्यांत फुलं. आणि एकही रोप नाही. औषधालासुद्धा नाही.

अगं आई गं!

आमच्या वाडीची रीत अशी, की पाहुणा केरात उभा करायचा नाही. जत्रेच्या आधी देवाच्या झाडाखाली झाडून-सारवून घेतात, सोयरीक बघायला माणसं येणार असली की आख्खी आळी झाडतात. मॅडम बघणार होत्या ती जागा घर नव्हती, झाडाखालची जमीन होती. मग झाडली. भावजयीनं सगळ्या बायकांना गोळा करून, खराटे आणि विळे घेऊन, वाडीतल्या एकूण एक बेहड्याखालची जागा साफ करून घेतली होती. रोपं उपटू नयेत हा नियम तिला ठाऊक होता. पण तिच्या हिशेबानं तो वेचणीच्या वेळचा नियम, पाहुण्यांच्या वेळचा नव्हे. ती दारात नवं लुगडं नेसून उभी होती आणि तिचं तोंड आनंदानं फुललं होतं.

"या, मॅडम, या! कसं काय वाटतंय?"

मॅडम खाली बघत होत्या. त्यांनी हळूच विचारलं, "काकू, इथली रोपं कुठं गेली?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात भावजय अभिमानानं म्हणाली, "उपटली की! समदी! दोन दीस राबतोय आमी. लई माजलं हुतं हितं. आता बघा कसं आरशावानी झालंय!"

माझं डोकंच सणकलं. पाहुण्या समोर आहेत याचंही भान राहिलं नाही. "अगं, अक्कल गहाण टाकलीस का?" मी ओरडले. "तीच बघायला आल्यात ना त्या!"

तिला क्षणभर काही कळलंच नाही. मग ती गर्रकन वळली, घरात गेली आणि फडताळातून चहाचं ते रंगीत खोकं घेऊन आली. कंपनीनं नमुना म्हणून धाडलेलं रिकामं खोकं तिनं जपून ठेवलं होतं, त्यात ती बांगड्या ठेवायची. तिनं ते मॅडमच्या नाकापुढं धरलं. "मंग ह्ये काय वो? तुमच्याच कंपनीनं छापलंय न्हवं? बघा की, झाडाखाली एक तरी काडी हाय का?"

खोक्यावर एक डेरेदार झाड होतं. खाली गुळगुळीत हिरवी जमीन, आणि पिवळ्या साडीतली एक बाई फुलांसारखी फळं वेचत होती. काडी नव्हती, पाचोळा नव्हता, रोपही नव्हतं. आमच्यातली एकही बाई अशी दिसत नाही, पण ते सोडा. मॅडमनी चित्र निरखून बघितलं आणि त्यांना हसूही आलं आणि वाईटही वाटलं, ते मला दिसलं. "काकू, तुमचं बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "हे चित्र काढणारा इथं कधी आला नसणार. आणि कंपनी माझी नाही, मी फक्त तपासणारी."

मग त्या वाडीतल्या प्रत्येक बेहड्यापाशी गेल्या. सगळीकडं तीच दिवाळी. भावजयीच्या हातची नाचणीची भाकरी आणि वालाचं बिरडं त्यांनी पोटभर खाल्लं, हात धुतले आणि मला बाजूला घेतलं. "ताई, मनापासून केलंय सगळं, मला दिसतंय. पण मी जे बघितलं तेच लिहिणार. पुढचा पावसाळा जाऊ दे. रोपं दिसली की मी स्वतः येईन. तोवर प्रमाणपत्र स्थगित." मी भांडले नाही. त्यांचं चुकत कुठं होतं? त्या निघाल्या तेव्हा भावजयीनं त्यांची ओटी भरली आणि "परत या" म्हणाली. काय झालंय ते तिला अजून उमगलेलं नव्हतं. तिला वाटलं, माझा नेहमीचा तडकपणा.

मी पुण्याच्या व्यापाऱ्याला फोन करून सगळं सांगितलं. म्हटलं, कंपनीला कळवा की यंदाचा माल घेतला नाही तर इथं एक झाड जाणार आहे, त्यांच्या खोक्यावर छापतात तसलंच झाड. त्यानं बिचाऱ्यानं कळवलं. उत्तर आलं ते त्यानं मला वाचून दाखवलं. त्यांना आमच्या झाडाबद्दल फार काळजी वाटत होती. नियम सगळ्यांना सारखे असल्यामुळं त्यांचा नाइलाज होता. झाडाला आणि आम्हाला त्यांनी शुभेच्छा दिल्या होत्या. शुभेच्छा! मी म्हटलं, "त्यांना म्हणावं, त्यापेक्षा एक कुऱ्हाडीचा दांडा पाठवा, उपयोग तरी होईल." व्यापारी हसला, पण मी हसत नव्हते.

पुढच्या तपासणीपर्यंत थांब म्हणून भावाला मी तीनतीनदा विनवलं. तो एकदाही चिडला नाही. "आक्का, म्या शबूद पाळला का न्हाई?" त्यानं विचारलं.

"पाळलास."

"मंग आता तू बी पाळ."

शब्द माझाही होताच.

त्या साली फळं कुणी वेचली नाहीत. माघात ती टपटप पडली आणि तिथंच राहिली. चैतात ठेकेदाराची माणसं यंत्राची करवत घेऊन आली. मी सकाळच्या एसटीनं वाडीवर गेले, पण बांधावर गेले नाही. भावाच्या ओसरीवर बसून राहिले. करवतीचा आवाज घरात येत होता. भावजय आली आणि माझ्याशेजारी खाली बसली. आता तिला सगळं कळलं होतं. "वन्सं, म्या झाडलं नसतं तर..." एवढंच म्हणाली आणि पदर तोंडात कोंबून रडायला लागली. मी तिच्यावर ओरडले होते त्या दिवसापासून आम्ही धड बोललो नव्हतो. मी तिला जवळ घेतलं. खरं सांगते, मला तिचा राग नव्हता. मला त्या खोक्यावरच्या पिवळ्या साडीवालीचा राग येत होता, आणि ती तर कुठं नव्हतीच. झाड पडलं तेव्हा ओसरीवरची भांडी हलली. मग आवाज थांबला आणि भाऊ आत येऊन पाणी प्यायला.

पावसाळा संपल्यावर मॅडम म्हणाल्या तशा आल्या. तेव्हा वाडीत कुणी खराट्याला हात लावला नव्हता. रांगोळीसुद्धा नव्हती. इतर बेहड्यांखाली रोपं होती, बरी होती. पण भावाच्या बांधावर पोचलो आणि मॅडम थांबल्याच. "अरे वा!" त्या म्हणाल्या. आख्ख्या बांधावर बेहड्याची रोपं मावत नव्हती. न वेचलेली फळं पावसात रुजली होती आणि वरून भरपूर ऊन मिळालं होतं. एकेक रोप गुडघ्याएवढं, पानं तेलकट हिरवी. मॅडम उकिडव्या बसून बघत होत्या, फोटो काढत होत्या. "ताई, इतकी चांगली रुजवण मी या भागात कुठंच बघितली नाही. हे खरंच उत्तम आहे."

मला राहवलं नाही. "मॅडम," मी म्हटलं, "हे ऊन कुठून आलं, ते विचारा की."

त्यांनी वर बघितलं. वर स्वच्छ आभाळ होतं. मग गवतातला खुंट त्यांना दिसला आणि त्या उठून उभ्या राहिल्या. चूक नोंदवावी तर तीही नोंदवता येईना, कारण झाड पडलं तेव्हा आम्ही त्यांच्या यादीत नव्हतोच. यादीतलं झाड तुटलं असतं तर मोठा गुन्हा होता. हे नुसतं एका शेतकऱ्यानं आपल्या बांधावरचं झाड परवानगी काढून तोडलं होतं. "सगळं नियमात बसतंय," त्या शेवटी म्हणाल्या. "मला माफ करा, ताई." मी म्हटलं, "तुम्ही कशाला? तुम्ही बघितलं तेच लिहा." प्रमाणपत्र परत आलं. माल पुन्हा जायला लागला.

मॅडम गेल्यावर मी बांधावर परत आले तर भाऊ तिथं होता. बोरीच्या काट्या ओढून आणल्या होत्या आणि रोपांभोवती कुंपण घालत होता. शेजारच्या खाचरात भात लोंब्यांनी वाकलं होतं, पूर्वीच्या सावलीच्या जागेवरसुद्धा दाणा भरला होता. हे सगळं बघून मला वाईट वाटायला हवं होतं की बरं, तेच कळेना. मी त्याला टोचून म्हटलं, "कुंपण कशाला घालतोस? मोठी झाली की ह्यांचीही सावली पडेल ना तुझ्या भातावर."

"पडंल की," तो काटी दाबत म्हणाला. "पर ती मोठी व्हईस्तवर म्या असतोय व्हय? सावलीचा तरास पोरास्नी. पोरं बघून घेतील."

आता ह्याला चांगला फैलावर घ्यावा म्हणून मी तोंड उघडलं, आणि डोळ्यांपुढं आमचा पणजा त्या बांधावर उभा राहिलेला दिसला मला. पायाशी एक वीतभर बेहड्याचं रोप, हातात विळा, आणि त्यानं ते कापलं नाही. कौतुकानं नाही, देवधर्म म्हणून नाही. सावलीचा त्रास आपल्याला थोडाच होणार, पोरं बघून घेतील, एवढंच म्हणाला असेल आणि पुढं गेला असेल. तेवढ्यावर ते झाड आमच्यापर्यंत आलं होतं.

मी खाली बसले आणि भावाला एकेक काटी हातात देत राहिले.